गेनूचा पहारा

परातीतलं काळं रॉकेल उकिरड्यावर ओतून सरूबाई ती राखेनं घासायला बसली, तेव्हाच तिचं डोकं तापलेलं होतं. परात तिच्या माहेरची. दर चैत्रात सप्ताह लागला की वेल्ह्याच्या मारुतीच्या देवळात भात वाढायला हीच परात जायची. आणि तिच्या दिरानं, गेनूनं, ती न विचारता उचलून तिच्यात मोटारीच्या इंजिनाची हाडं धुतली होती.

"भाताला रॉकेलचा वास आला, तर लोक गेनूला न्हाई, मला नावं ठिवतील," ती परातीवर राग काढत म्हणाली.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला अंबूबाई तांदूळ निवडत होती. ही गेनूची बायको, सरूबाईची धाकटी जाऊ. "त्यास्नी वाटलं आसंल, जुनी हाय."

"जुनी तर मी बी हाय. माझ्यात बी धू म्हनावं."

मोटारही सरूबाईचीच होती. तिचा नवरा कोंडिबा मुंबईच्या एका कंत्राटदाराकडं ड्रायव्हर होता. बंधाऱ्याचं काम संपवून कंत्राटदार परत गेला, तेव्हा आपली परदेशी मोटार कोंडिबाला देऊन गेला. कोंडिबा गेल्या वर्षी वारला. आता पगारी ड्रायव्हर बिरू ती चालवायचा, वेल्हे ते नसरापूर, नसरापूर ते भोर, आणि तिच्यावरच दोन्ही जावांच्या चुली पेटायच्या. सगळ्या तालुक्यात अशी दुसरी मोटार नव्हती. इंजिन चालू आहे का बंद, हे बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळायचं नाही, इतकं ते शांत चालायचं. भोरचे कीर्तनकार चिमाजीबुवा खुब्याचं हाड मोडल्यापासून एसटीत पाय ठेवत नसत. पण ही मोटार दारात आली की वेल्ह्याला यायला एका पायावर तयार. "बाई, मोटार न्हवं, पाळणा हाय ह्यो," असं ते गेल्या खेपेला सरूबाईला म्हणाले होते. कीर्तन म्हटलं की सरूबाईला तहानभूक नसायची. बुवांचं ते एक वाक्य तिनं वर्षभर जपून ठेवलं होतं.

त्या शांतपणाचं कारण गेनूनं तिला सांगितलं होतं. तो वरव्याला एका वर्कशॉपात फिटर. इंजिनाच्या पोटात दोन जादा दांडे होते, लांब, जड, एका अंगाला पोट सुटलेले. इंजिन एका बाजूला हिसका देई, की हे दांडे दुसऱ्या बाजूला देत, आणि थरथर जागच्या जागी जिरून जाई. या फाल्गुनात त्या दांड्यांची साखळी झिजून खडखडायला लागली. तशी साखळी पुण्यात मिळेना, मुंबईत मिळेना.

"दांडेच काढून टाकू, वैनी," गेनू म्हणाला होता. "इंजिन त्यांच्यावर चालत न्हाई. नुसती थरथर गिळायला ठिवलेत. गाडी जरा हलंल, पन साखळी तुटून आत घुसली तर समदंच जाईल."

यात खोटं काहीच नव्हतं. नसरापूरच्या मिस्त्रीनंही तेच सांगितलं. सरूबाई एवढंच म्हणाली होती, "सप्ताह पार पडू दे. बुवांना आनून परत पोचवू, मग उघड."

आणि गेनूनं सप्ताहाच्या तोंडावरच इंजिन उघडलं. रजा मिळाली म्हणे. घरच्या पडवीत पोती अंथरली, वर वाशाला साखळदंड बांधला आणि इंजिन टांगलं. सरूबाई दळण घेऊन घरी आली, तर दांडे कोपऱ्यात पडलेले, आणि गेनू तोंडभर हसत दोन पितळी बुचं दाखवतोय. "वरव्याला लेथवर करून आणली, वैनी. दांड्यांना तेल जायची दोन भोकं हायती. दांडे काढल्यावर तेल तितनं पळून जातं आन् वर इंजिनाला काय बी राहत न्हाई. ही बुचं ठोकली की वाट बंद."

तेव्हाही ती चिडली होती. पण उघडलेलं इंजिन ओरडून मिटत नाही, म्हणून गप्प बसली. काल सांजच्याला इंजिन बसवून झालं. गाडी सुरू झाली, म्हाताऱ्या बैलासारखी अंग हलवत राहिली, पण चालली. आज सकाळी बिरू ती घेऊन बुवांना आणायला भोरला गेला. दिवेलागणीला कीर्तन होतं.

परातीच्या काठाशी काळ्या गाळाचा थर होता. सरूबाईनं तो बोटानं खरवडला, तेव्हा नखाला काहीतरी टणक लागलं. तिनं ते उचलून पदराला पुसलं. पितळ चमकलं.

लेथवर केलेलं बूच होतं ते.

"अंबू, गेनूनं बुचं किती केली व्हती?"

"दोनच की. एक गावंना म्हनून परवा समदं घर पालथं घातलं त्येंनी. माझ्या पिठाच्या डब्यात सुदीक बघितलं."

"मग गावलं?"

"गावलं आसंल. त्याबिगर इंजिन बसवलं का?"

"गावलं आसंल तर हे काय हाय? पिल्लू झालं व्हय त्याला?"

अंबूबाईनं सरूबाईच्या तळहातावर बघितलं आणि तिच्या हातातलं सूप तिरपं झालं. "आगं बया," ती म्हणाली. "मग आत काय घातलं त्येंनी?"

ते फक्त गेनूलाच माहीत होतं. गेनू पहाट व्हायच्या आधी आंघोळ करून, गंध लावून देवळात गेला होता. सरूबाई राखेच्या हातानंच उठली. बिरू अजून भोरात असेल. बुवांची पूजा, जेवण उरकल्याशिवाय ते निघायचे नाहीत. भोक उघडं असेल तर गाडी हलवू नका, एवढा निरोप वेळेत पोचायला हवा होता. आणि काळजीचं काही नसेल, तर गेनूनं तसं तोंडानं सांगायला हवं होतं. त्याचा एक शब्द पुरे होता.

देवळात गेनू उभा होता. गळ्यात वीणा होती.

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. सात दिवस नाम थांबत नाही, आणि ज्याच्या गळ्यात वीणा तो उभा राहून नाम घेतो. कुणाशी बोलत नाही, बसत नाही. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. देवाला नमस्कार केला की माणसं विणेकऱ्याच्याही पाया पडतात, मग तो वयानं लहान असो की मोठा. सरूबाई लहानपणापासून अशीच पाया पडत आली होती.

पहाऱ्यांची वाटणी आबांकडं असायची. म्हातारे, भजनी मंडळाचे मुख्य. खांबाला टेकून बसले होते. सरूबाईला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"ये सरू. दीर बघ तुझा. उजाडायच्या आधीपास्नं उभा हाय. मानसिंग आला वीणा घ्यायला, त्याला मानेनं न्हाई म्हनला. दादू आला, त्याला बी न्हाई. तहान न्हाई, भूक न्हाई. असा भाव पायजे!"

मानसिंग आणि दादू पंगतीच्या चुलाणासाठी लाकडं आणायला गेले होते. देवळात आबा होते, दोन म्हाताऱ्या होत्या, आणि गेनू. सरूबाई त्याच्यासमोर गेली आणि तळहात पुढं केला.

गेनूनं बूच बघितलं. मग डोळे मिटून घेतले आणि आवाज चढवला. "जय जय राम कृष्ण हरी..."

तेव्हा तिला कळलं. हा भाव नव्हता. वीणा गळ्यात आहे तोवर वैनी काही विचारू शकणार नाही, विचारलंच तर उत्तर द्यावं लागणार नाही, म्हणून हा पहाटेपासून वीणा सोडत नव्हता. देवाच्या अंगणात देवालाच आड घेऊन उभा होता. आणि येणारा-जाणारा त्याच्या पायावर डोकं ठेवत होता.

सरूबाईची कानशिलं तापली. दुसरीकडं कुठं असता, तर तिनं त्याचं बकोट धरून त्याला ओट्याखाली ओढला असता. पण नाम चालू होतं. तिच्या अंगणातलं नव्हे, सगळ्या गावाचं. ते तिच्यामुळं तुटलं असतं, तर तिनं उभ्या जन्मात स्वतःला क्षमा केली नसती. हे गेनूला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो तिथं उभा होता. तिचाच भाव त्यानं तिच्यापुढं आडवा घातला होता.

"आबा, त्याच्याकडनं वीणा घ्या. मला बोलायचंय त्याच्याशी."

"चालू पहारा कसा मोडायचा, सरू? त्यानं दिली तर घ्यायची. आन् माझ्या गुडघ्यानं मी उभा तरी राहीन का?"

"तो देनार न्हाई."

"तेच तर! असा भाव पायजे!"

सरूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. गेनूसमोर गुडघे टेकले आणि वाकून त्याच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. विणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

"गेन्या," ती त्याच्या अंगठ्यांशी बोलली. "दुसऱ्या भोकात काय घातलंस?"

वरनं नाम चालूच.

"मुडद्या, बुवा बसनार हायत त्या गाडीत. दोन घरांची भाकरी हाय ती. तुझ्या भावानं पदर पसरून न्हाई, राबून मिळवलीय. बोल."

नाम अडखळलं, परत सुरू झालं.

"मी उठनार न्हाई. ह्या पायावर जीव देईन, पन उठनार न्हाई. मग घाल वीणा गळ्यात आन् फिर जन्मभर."

"सरू, उठ गं आता," आबा गहिवरून म्हणाले. त्यांना वाटलं, कोंडिबाची आठवण आली असावी. "उठ. देव बघतोय."

"बघतोयच," सरूबाई पायांशी म्हणाली. "ऐकलंस का गेन्या? बघतोय त्यो."

गेनूनं डोळे उघडले. "लाकूड," तो म्हणाला.

आणि नाम थांबलं. वीणेची तारही थांबली. सहा दिवसांत पहिल्यांदा देवळात काही म्हणजे काही ऐकू येईना. आबा खांबाचा आधार सोडून पुढं झुकले. एका म्हातारीनं तोंडावर हात घेतला.

"जय जय राम कृष्ण हरी," सरूबाईनं जमिनीवरूनच घेतलं, खणखणीत. म्हणत म्हणत ती उठली. तिचे डोळे मात्र गेनूवर होते, आणि त्या डोळ्यांत हरी नव्हता.

ती म्हणतेय तोवर तो भराभरा बोलून मोकळा झाला. "बूच गावंना. रजा संपत आलेली. पखवाजाच्या वादीखालचा एक जुना लाकडी गठ्ठा तासून घातला, वैनी. शिसमाचा हाय. आपन गठ्ठा ठोकून सूर चढवतो ना, तो कधी हलतो का? तेलात भिजंल, फुगंल, आनखी घट्ट बसंल, असं वाटलं. रातच्याला आंथरुनात पडलो आन् मग ध्यानात आलं, पखवाज काय तापत न्हाई. तेल उकळाय लागलं, लाकूड करपलं, तर भोक उघडं पडंल."

म्हणजे रात्रीच ध्यानात आलं होतं. पहाटे बिरू अंगणात गाडी पुसत असताना हा त्याच्या शेजारून गंध लावून गेला होता.

सरूबाईनं नाम न सोडता दोन्ही हातांनी वीणा त्याच्या गळ्यातून काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. मग हनुवटीनं दाराकडं खूण केली.

"अगं, बाईमानसानं वीणा..." आबा अर्धे उठले. सरूबाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि आवाज असा काही चढवला, की ते पुन्हा खाली बसले. "घे बाबा, घे," ते पुटपुटले. "नाम तुटन्यापरीस बरं. सायकल माझी न्हे रं गेनू, बाहेर हाय."

गेनू पळाला.

लहानपणी कीर्तनात ती सगळ्यांत पुढं बसायची आणि विणेकऱ्याकडं टक लावून बघायची. वाटायचं, एकदा तरी ती वीणा गळ्यात पडावी. आज पडली होती. आणि तिच्या मनात देवाचं नखही नव्हतं. शिसमाचं लाकूड होतं, भोक होतं, तापलेलं तेल होतं. माणसं येत, तिच्या पाया पडत, चपापत, पुन्हा पाया पडत. प्रत्येकाच्या डोक्याबरोबर तिचा राग वाढत होता. गाडीचा होता तो होताच. पण हा घास देवानं आयुष्यात एकदा दिला आणि गेनूनं त्यातही रॉकेल कालवलं, याचा जास्त होता.

दुपारनंतर रतन आला. हा मंडळातला टाळकरी. त्यानं पाया पडून वीणा घेतली. "गेनूदा कुठं गेला?" त्यानं नजरेनं आबांना विचारलं. आबा म्हणाले, "मला काय विचारतो? मी नुसता खांबाला टेकलोय."

उन्हं कलल्यावर बैलगाडी आली. चिमाजीबुवा कडब्यावर आडवे झाले होते. त्यांच्या मागं दुसऱ्या बैलजोडीला सोलाच्या दोरखंडानं बांधलेली मोटार येत होती, बिरू आत सुकाणू धरून. तिच्या मागं गेनू, सायकल ढकलत, मान खाली.

"काय सरूबाई," बुवा हात धरून उतरत म्हणाले. कळ त्यांच्या तोंडावर दिसत होती, तरी हसले. "औंदा पाळन्याला बैल जोडलं व्हय? माझं हाड अन् हाड बैलानं मोजून घेतलं."

सरूबाईनं त्यांचे पाय धरले. बुवांना ओट्यावर गादीवर बसवून ती मोटारीकडं गेली.

"कुठं बंद पडली?"

"आंबवन्याच्या अलीकडं," बिरू म्हणाला. बिरू धनगराचा, मोजकं बोलणारा माणूस. आज मात्र तो थांबेना. "आधी टकटक वाजाय लागली. मग कर्रर केलं आन् जागच्या जागी दातखीळ बसली. हँडल मारलं, हलत न्हाई. इंजिन गेलं, वैनी. गेनूदा सायकलीवर पोचला, तवर समदं झालं व्हतं."

"तेलाचा लाल दिवा असतो ना रं? तो न्हाई लागला?"

"लागला की. येताना नसरापुरातच लागला."

"आन् तू तसाच हाकलीस?"

बिरूनं गेनूकडं बघितलं. "पहाटं गेनूदा म्हनला, दिवा लागंल, तिकडं बगू नगंस. नवी जोडनी हाय, दोन दिवस लागंल न् जाईल. म्हनून म्या वर फडकं टाकलं."

सरूबाई गेनूकडं वळली. दुपारभर वीणा धरून तिनं मनाची थोडी समजूत घातली होती. माणूस आहे, चुकला, घाबरला. पोटच्या पोरासारखं वाढवलंय, पोटात घालू. ती समजूत आता उभी राहीना.

"मला राग लाकडाचा न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि देवळात आलेल्या अंबूबाईला तोच ऐकून भ्यायला झालं. "लाकूड मूर्खपनानं घातलंस. पन दिवा लागनार हे तुला म्हाईत व्हतं. म्हाईत व्हतं, म्हनून त्याला बगू नगं म्हनलास. आन् सोता देवळात जाऊन लोकांकडनं पाया पडून घेतलंस."

"वैनी, मी इंजिन परत उघडून..."

"हात लावायचा न्हाईस तू त्याला. त्या गाडीला माझ्या दारात तुझा पाना लागला, तर बघ."

"मग काय करू? सांगा, ते करतो."

"बोलायचं. जे मला पायाशी सांगितलंस आन् जे बिरूनं आता सांगितलं, ते समदं. आज कीर्तन झालं की पुढं उभा राहा आन् बोल."

गेनूचा चेहरा उतरला. "लोकांत?"

"लोकांत. सकाळपास्नं लोकांतच उभा व्हतास की."

मग ती ओट्यावर बुवांकडं गेली आणि म्हणाली, की कीर्तन झाल्यावर एका माणसाला दोन शब्द बोलायचेत. बुवांनी तिच्या खांद्यावरून अंगणातल्या गेनूकडं बघितलं. "आरतीच्या आधी बोलू द्या," ते म्हणाले. "आरती झाली की लोक पंगतीकडं पळत्यात."

दिवे लागले. भात रॉकेलच्या परातीत वाढायचा नाही, असं सरूबाईनंच ठरवून टाकलं आणि शेजारच्या अक्काबाईच्या घरची परात मागून आणली. देऊळ भरलं, ओटा भरला, रस्त्यावर माणसं बसली. खुब्याच्या दुखण्यानं बुवा आज खांबाला धरून उभे राहिले, पण आवाज तसाच होता. मारुती अशोकवनात शिरतो आणि फळं खात सुटतो, ते त्यांनी असं रंगवलं की पोरंटोरं लोळायला लागली. एरवी सरूबाई पहिल्या अभंगालाच डोळे पुसायला लागायची. आज ती बायकांत पुढं बसून होती, पापणी न हलवता. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते कळत होतं, तसा राग आणखी चढत होता.

बुवांनी शेवटचा गजर केला आणि हात वर करून लोकांना थांबवलं. "बसा. गेनूला बोलायचं हाय."

गेनू पुढं आला. कपाळाचं गंध घामानं ओघळलं होतं. त्यानं बुवांना नमस्कार केला, देवाला केला. विणेकऱ्याच्या पाया पडायला वळला आणि मधेच थांबला.

"गाडी बुवांना आनताना बंद पडली, ती माझ्यामुळं," तो म्हणाला. "आतलं एक बूच म्या लाकडाचं घातलं व्हतं."

लोकांना काही उमगलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, होतंय. मशीन हाय."

"न्हाई. दिवा लागनार हे मला म्हाईत व्हतं. बिरूला बगू नगं म्हनून म्याच सांगितलं. त्याचा काय दोष न्हाई." मग त्याचा आवाज जवळजवळ गेलाच. "आन् सकाळी वीणा घेतली ती... वैनी विचारतील म्हनून घेतली. सोडली न्हाई ती बी त्यासाठीच."

खांबापाशी आबांनी मान खाली घातली.

"मोठ्यानं बोल, गेनू," सरूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "मागं बायकांना ऐकू आलं न्हाई."